खोटं माप



आमच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर अडकले. संभाजीनगरच्या शोरूमने इंजिनचं अख्खं हेडच बदलायला सांगितलं, कोटेशन 86,000! हे सही करायला निघाले होते. मी बी.कॉम., कागदाची प्रत्येक ओळ वाचते. विचारलं, "आधी काढून का बघत नाही?" उत्तर आलं, "तुटलं तर जबाबदारी तुमची."

गाडी सोयगावला आणली. आमचा मेकॅनिक म्हणाला, "काकू, खालचं तांब्याचं वॉशर गळतं, काजळी जमून दगड होते." त्याने गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, इंजिन गरम करून पुलरने हळूहळू ओढलं. तीन निघाले, चौथ्याने दुसरा दिवस खाल्ला. खर्च 9,000. तुटण्याचा धोका खरा होता, पण प्रयत्न तरी करायचा!

सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. तरी आपण निमूट सही करतो.

अचौर्य अणुव्रतात खोटं माप हा दोष सांगितला आहे. नको असलेलं काम लिहिलेलं कोटेशन हेही खोटं मापच. म्हणून सहीआधी लेखी कारण मागा, आणि काढलेले जुने भागही.