देह तिचा, मत डॉक्टरांचे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा भारतीय कायद्याच्या उदारतेचे येथे मोठे कौतुक झाले. संसदेने १९७१ मध्येच वैद्यकीय गर्भपात कायदा संमत केला, हे खरेच. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीचा अहवाल त्याच्या मुळाशी होता. तथापि, त्यामागे चिंता होती ती चोरून होणाऱ्या गर्भपातांत जाणाऱ्या जिवांची आणि वाढत्या लोकसंख्येची. स्त्रीच्या हक्काचा विचार त्यात नव्हता.

आजही गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे. दंडविधानाचे ३१२ वे कलम जाऊन २०२४ मध्ये न्याय संहितेचे ८८ वे कलम आले, एवढाच काय तो बदल. डॉक्टरने ‘सद्भावनेने’ अनुकूल मत दिले, तरच अपवाद लागू होतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, २४ पर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे आणि त्यापुढे, गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाचे मत लागते.

या वैद्यकीय चौकटीत समाजाचे संकेतही शिरले. गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याची सवलत मूळ कायद्याने केवळ ‘विवाहित स्त्री वा तिचा पती’ यांना दिली. ते शब्द बदलायला २०२१ उजाडावे लागले. तरीही नव्या नियमांत २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीसाठी विधवा आणि घटस्फोटिता तेवढ्या आठवल्या. अविवाहितेला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा दिली. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये मात्र प्रसूतीपश्चात नैराश्याने ग्रासलेल्या, दोन मुलांच्या आईला २६ व्या आठवड्यात परवानगी नाकारली. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती कायद्याने पुरेशी असताना पतीची सही मागण्याचा प्रघात अनेक रुग्णालयांत आहेच.

पहिल्या १२ आठवड्यांत तरी कारण न विचारता स्त्रीची इच्छा पुरेशी मानावी. लिंगनिवडीची भीती रास्त आहे. परंतु सोनोग्राफीत लिंग सहसा त्या मुदतीनंतरच ओळखता येते आणि ते रोखण्यासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टरने शस्त्रक्रियेतील धोका सांगावा, उपचार करावेत. मातृत्व स्वीकारायचे की नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही. संसदेने तो जिचा आहे तिच्याकडे सोपवावा.