शेततळ्याचे पाणी कोणत्या खात्यात?

महाराष्ट्राच्या सुमारे ८१ टक्के भूभागाखाली बेसाल्ट आहे, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि पुन्हा तशीच उतरंड. विहीर खोदणाऱ्या माणसाला या थरांची भाषा भूशास्त्रज्ञाइतकीच येते. या खडकात पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि कुजलेल्या थरात, तेही थोडेच. एक घनमीटर खडक पूर्ण संपृक्त असला तरी त्यातून विहिरीला उतरणारे पाणी बहुधा दहा ते तीस लिटर असते. उत्तरेतल्या गंगेच्या गाळाशी याची तुलना होऊच शकत नाही. तिथे उपशाच्या चुका उघड व्हायला वर्षे लागतात, इथे त्या एका हंगामात दिसतात. अशा खडकावर काम करणाऱ्यांनी एका गोष्टीबद्दल तरी स्पष्ट असायला हवे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर साठवणे, म्हणजे आज ज्याला आपण सर्रास शेततळे म्हणतो ते, जलसंधारणात मोडत नाही. तो उपसा आहे, आणि आपल्या अहवालांत तो उपसा म्हणूनच लिहिला गेला पाहिजे.

शेततळ्याची मूळ कल्पना याच्या अगदी उलट होती. शेताच्या उताराकडच्या कोपऱ्यात खड्डा, त्याला येणारा अपधाव, गाळ अडवणारी छोटी कुंडी, भरून वाहिले तर सांडवा. पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली की खरिपाला एक-दोन पाणी द्यायचे, उरलेले मुरले तर शेजारच्या विहिरीला लाभ. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तीही पावसाचे पाणी अडवून संरक्षित सिंचन मिळावे, या हेतूने. अनुदानाची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. दुसरीकडे फलोत्पादनाच्या योजनांतून प्लास्टिक अस्तराला आणि सामूहिक शेततळ्यांना अनुदान मिळत होते. या दोन धाग्यांची गाठ पडली आणि शेततळ्याचा अर्थच पालटला. काठ जमिनीच्या वर उचलले गेले, त्यामुळे अपधाव आत येण्याची वाटच बंद झाली. ज्या तळ्यात पावसाचे पाणी फक्त आभाळातून थेट पडेल तेवढेच शिरू शकते, ते भरते कशाने, हा प्रश्न मंजुरीच्या कागदावर विचारला जात नाही. सिन्नर, चांदवड, सांगोला, आटपाडी या पट्ट्यांचे मार्च महिन्यातले उपग्रह छायाचित्र उघडून पाहावे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात त्या दिवसांत भरलेले निळे चौकोन पावसाने भरलेले नसतात. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हाच मुद्दा राज्यातल्या प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे मांडला होता. त्यानंतर शेततळी वाढली, पण अहवालांतला रकाना बदलला नाही.

थोडा हिशेब करू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार, हे आपल्या परिचयाचे माप. त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. अवर्षणप्रवण तालुक्यात ५५० मिलिमीटर पाऊस धरा आणि त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरला, असे उदारपणे गृहीत धरा. म्हणजे ५५ मिलिमीटर पुनर्भरण झाले. एक तळे एकदा भरायला जवळजवळ चार हेक्टर जमिनीखाली वर्षभरात जमा झालेले सगळे पाणी लागेल. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. याचा अर्थ, एका सरासरी शेतकऱ्याचे एक तळे एकदा भरले की त्याच्यासह तीन शेतकऱ्यांच्या जमिनीखालचे पुनर्भरण संपते. पुष्कळ तळी हंगामात पुन्हा वरचेवर भरली जातात, सामूहिक तळी यापेक्षा मोठी असतात, आणि तीच जमीन भिजवायला विहिरीतून होणारा थेट उपसा वेगळाच. खडक सीमा मानत नाही. ज्याचा पंप मोठा आणि बोअर खोल, त्याच्याकडे शेजाऱ्याचेही पाणी जाते. भूजलाची मालकी जमिनीच्या मालकीला चिकटवणारी आपली जुनी कायदेशीर समजूत या वास्तवाशी कधी जुळलीच नाही. आता तर प्लास्टिकमुळे सामाईक पाण्याला खाजगी कुंपणही मिळाले आहे.

यात बाष्पीभवनाची भर. खडकातले पाणी सूर्यापासून सुरक्षित असते. आपण ते तिजोरीतून काढून अंगणात मांडतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दिवसाला सरासरी सात मिलिमीटर वाफ धरली, तर १२० दिवसांत ८४ सेंटिमीटर पाणी उडते. पाण्याची पातळी उतरते तसा पृष्ठभागही घटतो, म्हणून तो सरासरी ७०० चौरस मीटर धरू. सुमारे ५९० घनमीटर पाणी हवेत गेले, म्हणजे भरलेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. हे उपसायला वीज लागली ती निराळी. काही बागायतदार शेडनेट टाकून ही तूट कमी करतात, ते चांगलेच. पण झाकण घातल्याने उपशाचा प्रश्न सुटत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत तगडा आक्षेप भूजलवैज्ञानिकांकडूनच येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, दख्खनच्या उथळ जलधरात पाणी टिकतच नाही. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली माथ्यावरची विहीर जानेवारीत तळ दाखवते, कारण झिरपा ओढ्याला मिळून निघून जातो. मग ते पाणी वाहून जाण्याआधी उचलून ठेवले तर बिघडले काय? उंचावरच्या गावात, चांगल्या पावसाच्या वर्षी, पावसाळा संपता संपता उथळ विहिरीतून केलेल्या भरण्यापुरते हे म्हणणे बरोबर आहे. पण त्याला तीन मर्यादा आहेत. पहिली, निघून गेलेले पाणी वाया गेलेले नसते. खालच्या गावाच्या विहिरी, कोल्हापुरी बंधारे आणि पाणीपुरवठ्याच्या उद्भवविहिरी त्यावरच चालतात. माथ्याने ते अडवले की पायथ्याला टँकर लागतो. दुसरी, व्यवहारात भरणा ऑक्टोबरमध्ये थांबत नाही. विहीर आटली की बोअर सुरू होतो, आणि खोल पाषाणातल्या ज्या भेगांतून तो पाणी ओढतो त्या सावकाश भरतात. तिथले पाणी ओढ्याला जायला निघालेले नव्हतेच. तिसरी मर्यादा बाष्पीभवनाची, ती वर आलीच आहे. तेव्हा या आक्षेपातून पळवाट निघत नाही, एक वापरण्याजोगा नियम मात्र निघतो. गावचा ओढा वाहता आहे तोवर, आणि फक्त उथळ विहिरीतून, भरणा करावा. ओढा थांबला की भरणाही थांबावा. हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही, गावातल्या कोणालाही ते दिसते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो नैतिकदृष्ट्या अधिक वजनदार आहे. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत लाखो रुपये गुंतवलेला माणूस एप्रिल-मेमध्ये बाग जळताना पाहू शकत नाही. वीज रात्री येते, कधी येतच नाही. पावसाचा भरवसा नाही. पीकविम्याचा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यासाठी भरलेले तळे हाच विमा. वैयक्तिक पातळीवर हा निर्णय पूर्ण शहाणपणाचा आहे, आणि म्हणूनच त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुद्दा असा आहे की हा विमा ज्या पाण्यातून भरला जातो, ते त्याच्या एकट्याचे नाही. शेजारी तळे भरतो म्हणून मीही भरायचे, तोही आधी भरायचे, अशी शर्यत लागते. शर्यतीत मागे राहतो तो कोरडवाहू अल्पभूधारक, ज्याच्याकडे बोअरला पैसा नाही आणि तळ्याला जागा नाही. अनुदान हे सार्वजनिक धन आहे. ते या शर्यतीत धावणाऱ्यांनाच मिळत असेल, तर त्याला दुष्काळनिवारण म्हणणे कठीण आहे. ठिबकने पाणी वाचते, असेही सांगितले जाते. वाचते खरे, आणि बहुतेक ठिकाणी ते वाढीव एकरात जाते.

जालना जिल्ह्यातले कडवंची हे नाव या वादात हमखास येते. तिथे शेततळी आहेत, द्राक्षे आहेत आणि समृद्धीही आहे. पण त्या गावाचा क्रम नीट पाहावा. माथा ते पायथा पाणलोटाची कामे आधी झाली, बांधबंदिस्ती आणि ओघळींवरचे उपचार आधी झाले, शेततळी त्यावर उभी राहिली. आपण नेमका शेवटचा टप्पा उचलून तो राज्यभर वाटला. याउलट पुरंदर तालुक्यातील नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची घडी बसवली, तीत आधी वाटप ठरले. पाणी माणशी, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पावसानंतर ताळेबंद मांडून पिके ठरवली. या गावांतले पाणी वाढले ते खड्ड्यांमुळे जितके, तितकेच उपशावर घातलेल्या मर्यादेमुळे. आपल्या प्रशिक्षणवर्गांत मात्र खड्ड्याचे मोजमाप शिकवले जाते, मर्यादा शिकवली जात नाही.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: लाखो विहिरींवर नियंत्रण ठेवणार कसे? २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आहे, खोल उपशावर बंधने घालण्याची तरतूद त्यात आहे, आणि तरीही बोअरच्या गाड्या रात्रभर फिरतात. हे खरे आहे. पण शेततळ्याच्या बाबतीत ही सबब टिकत नाही. बहुतेक विहिरी शेतकरी स्वतःच्या पैशाने घेतात. अनुदानित शेततळ्याला मात्र जागेची पाहणी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि छायाचित्र असते, आणि त्या प्रत्येक कागदावर आपल्यापैकीच कोणाची तरी सही असते. जिथे सरकारचा रुपया जातो तिथे अट घालणे शक्य असते. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, हा कॅगचा २०२० मधला निष्कर्ष आपल्या क्षेत्राला चांगलाच झोंबला होता. त्यावर बरीच प्रत्युत्तरे दिली गेली, काही रास्तही होती. परंतु ‘इतके टीसीएम साठवण क्षमता निर्माण झाली’ या वाक्याची सवय आपण सोडली नाही. क्षमता म्हणजे पाणी नव्हे, आणि बोअरने भरलेल्या क्षमतेत तेच पाणी दोनदा मोजले जाते: एकदा भूजल म्हणून, एकदा साठा म्हणून. गावचा ताळेबंद त्यामुळे कागदावर शिलकी दिसतो आणि मार्चमध्ये टँकरची मागणी येते.

काम करणाऱ्यांच्या हातात काय आहे, ते शेवटी स्पष्ट लिहितो. उंच काठाच्या, अपधाव घेऊच न शकणाऱ्या तळ्याला जलसंधारणाच्या निधीतून मंजुरी देऊ नये. ज्याला ते हवे आहे त्याने ते स्वखर्चाने करावे आणि त्याचा भरणा उपशात धरला जावा. अस्तराची शिफारस करण्यापूर्वी तळ्याच्या पाणलोटाचे क्षेत्र आणि तिथून येऊ शकणारा अपधाव काढून तो नस्तीत जोडावा. ग्रामपंचायतीच्या ताळेबंदात बोअर-विहिरीवर भरलेले तळे मागणीच्या बाजूला, भरल्याच्या महिन्यातच, नोंदवावे. या कशालाही नवा कायदा लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही. कृषी सहायक, पाणलोट सचिव, भूजल यंत्रणेतले कनिष्ठ भूवैज्ञानिक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांना हे आपापल्या पातळीवर करता येते. येत्या हंगामात आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक शेततळ्याच्या मोजमाप पुस्तिकेत ‘भरणा कोठून’ हा एक रकाना वाढवा आणि तो रिकामा असेल तर सही करू नका.