ज्येष्ठातील खराटा

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे १९१७ साली मातीचे धरण बांधून तलाव साकारला. भोवती सागाचे आणि बांबूचे रान आहे. पानगळीत सागाची सुपाएवढी पाने व बांबूची बारीक पाती यांचा खच पडतो. अशा रानालगत फरशीची पायवाट, दगडी पायऱ्या अथवा गोट्यांची किनार असलेली बाग करणाऱ्यास खरी चिंता पाल्याची नसते. ती पाल्याखाली साठणाऱ्या ओलीची असते. पाने कुजून त्यांची माती होते, ती फरशीच्या सांध्यांत बसते आणि पावसाच्या चार सरी पडताच तिच्यावर शेवाळ धरते.

मग घरात दुहेरी पेच उभा राहतो. वृद्धांचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती एकीकडे. शेवाळ अनंतकाय, त्यावर पाऊल कसे ठेवावे हा संकोच दुसरीकडे. बहुधा बाजारातून अ‍ॅसिडची बाटली आणली जाते. त्यात शेवाळातील जीव तर जातातच, दगडही जातो. शहाबादी व कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. अ‍ॅसिड पडल्यावर जे फसफसते ती घाण नव्हे, दगडच विरघळत असतो. पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढल्या वर्षी शेवाळास अधिक घट्ट पकड मिळते. गाठचे पैसे मोजून घेतलेला हा तोटाच. जोरदार फवाऱ्याचे यंत्रही सांध्यांतील वाळू उपसून टाकते व फरश्या डुगडुगू लागतात.

चातुर्मास आषाढ शुक्ल चतुर्दशीस बसतो. त्यापूर्वी, ज्येष्ठाच्या कोरड्या दिवसांत, हे काम उरकले तर शेवाळ धरण्यास फारसा थाराच उरत नाही आणि पुढची हिंसाही टळते. त्यासाठी साधने अगदी साधी लागतात. पाला ओढण्यास बांबूचा पंजा घ्यावा. लोखंडी दाताळ्याने फरशीवर ओरखडे उठतात. सांध्यांतील माती बोथट खुरप्याने खरवडून कोरडी वाळू भरावी. गोटे चाळणीत घोळून माती निराळी करावी. उरलेले खराट्याने, दिवसाउजेडी व हलक्या हाताने झाडावे, म्हणजे किडामुंगीस सरकण्यास अवधी मिळतो. पाला मात्र जाळू नये. त्यात असंख्य जीव आसऱ्यास असतात. तो झाडांच्या बुंध्याशी पसरावा. सावलीतील कुंड्या हलवून पायऱ्यांवर ऊन येऊ द्यावे.

खराट्याची थोरवी विदर्भास सांगावयास नको. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तोच हाती घेऊन गावोगाव झाडले. तरीही घरोघरी तो भिजलेला, कोपऱ्यात टेकवलेला आढळतो आणि मोसमभरात कुजतो. काम होताच तो झटकून, वाळवून खुंटीस टांगावा. खुरप्याचे पाते पुसून कोरडे ठेवावे व लाकडी दांड्यास वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे.