काळूचं कौतुक पुरे, चर कधी बुजवताय?

दोन वर्षांपूर्वी मी एक व्हिडिओ टाकला होता. आठवत असेल बऱ्याच जणांना. आमच्या गल्लीतले मास्तर हातात पांढरी काठी घेऊन बाजारातून चाललेत आणि त्यांच्या गुडघ्याला चिकटून काळू. गावठी कुत्रा, एका कानाचा तुकडा गेलेला. मध्ये हातगाडी आली की काळू आडवा उभा राहतो, मास्तर थांबतात, काठीने चाचपतात, वळसा घालतात. मी वर लिहिलं होतं, "माणसापेक्षा कुत्रं बरं." माझ्या आजवरच्या कुठल्याही बातमीला मिळाले नाहीत एवढे लाईक्स त्याला मिळाले.

आज वाटतं, चुकलंच माझं. का ते सांगतो.

मागच्या महिन्यात मास्तर पडले. पाइपलाइनसाठी खोदलेला चर, तीन आठवडे उघडा. ना बॅरिकेड, ना दोरी, ना लाल फडकं. काळू चराच्या अलीकडे थांबला होता. मास्तरही थांबले होते. मागून मोटारसायकलवाला आला, त्याला घाई. "हाड!" म्हणत त्याने कुत्र्यावर पाय उगारला. काळू बाजूला उडाला. मास्तरांना वाटलं, वाट मोकळी झाली. त्यांनी पाऊल टाकलं.

उजवं मनगट मोडलं. पेटी वाजवणारा हात.

संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चर्चा? "लोक येईपर्यंत काळू हलला नाही." "काय ती निष्ठा!" शंभरेक बदाम आणि रडके चेहरे. चर कोणी उघडा ठेवला, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही, कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे पत्रकार, काळूने त्याचं काम केलं होतं. बाकीच्यांनी केलं का ते लिही की."

म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. आपल्याला वाटतं, कुत्रा आंधळ्या माणसाला घेऊन जातो. तसं नसतं. काचबिंदूने नजर जाऊन मास्तरांना अकरा वर्षं झाली. ते म्हणतात, "रस्ता मला पाठ आहे रे. मध्ये काय आलंय तेवढं तो सांगतो." परदेशात ज्यांना गाईड डॉग म्हणतात, त्यांचंही काम हेच. कुठे जायचं ते माणूस ठरवतो, डावं-उजवं तोच सांगतो. कुत्रा अडथळा टाळतो, पायरीशी थांबतो. आणि सगळ्यात अवघड धडा असतो हुकूम न पाळण्याचा. मालक "चल" म्हणाला, पण समोरून गाडी येतेय किंवा खड्डा आहे, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. काळूला हे कोणी शिकवलं नाही. त्या दिवशी त्याने नेमकं तेच केलं.

जर्मनीत १९१६ साली पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी अशा कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची शिकवलेली कुत्री घेऊन न्यूयॉर्कला उतरला. पत्रकारांनी आव्हान दिलं, हा गर्दीचा रस्ता ओलांडून दाखव. त्याने दाखवला. पण खरी लढाई पुढेच होती. हॉटेल, रेल्वे, दुकान, जिथे जाईल तिथे "कुत्रा बाहेर ठेवा." ती दारं उघडून घ्यायला त्याने पुढची कित्येक वर्षं घालवली. आज अमेरिकेत कायदा असा आहे, की अशा कुत्र्याबद्दल दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागदपत्रं मागता येत नाहीत.

आणि आपल्याकडे? नोव्हेंबरात मास्तर हयातीचा दाखला द्यायला एका बँकेत गेले. वॉचमनने काळूला दारातच अडवलं. तसा त्याचाही दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही. मास्तर अनोळखी माणसाचा हात धरून आत गेले. पासबुक, सही, खात्यातली रक्कम, सगळं त्या माणसासमोर. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस. घरी येऊन कोणाशी बोलला नाही त्या दिवशी.

काही जण म्हणतील, भटक्या कुत्र्यांनी गाव हैराण केलंय आणि हा कुत्र्यांची वकिली करतोय. भटक्यांचा त्रास मलाही आहे. माझ्या पुतण्याला चावलंय, इंजेक्शनांसाठी मीच धावलोय. पण त्यांचा सगळ्यात जास्त त्रास काळूला आणि मास्तरांना होतो. चौकात टोळकं अंगावर आलं की दोघंही अडकतात. काळूची नसबंदी झालीय, दरवर्षी रेबीजची लस होते, पट्टा असतो. नगरपरिषदेने बाकीच्यांचं एवढं केलं तरी भांडण मिटेल.

आणखी एक जण म्हणाला, "मास्तरांना चांगला ट्रेन केलेला लॅब्राडोर घेऊन देऊ, वर्गणी काढू." भावना चांगली. पण तो लॅब्राडोर चालणार कुठे? फुटपाथवर टपऱ्या, टपऱ्यांपुढे गाड्या, गाड्यांपुढे चर. जगातला सगळ्यात हुशार कुत्रा आणला तरी तो आमच्या मेन रोडवर जागचा हलणार नाही. हुकूम न पाळायला शिकलेला असतो ना तो.

आता मुद्द्याचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला पाच वर्षं दिली होती. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या गावात हा पैसा बहुतेक ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला दिसतो. मंडप, हार, खुर्चीवाटप, फोटो. ते फोटो मीच छापतो.

यंदा माझ्या तीनच मागण्या आहेत. एक, कोणताही चर बॅरिकेडशिवाय एक रात्रही उघडा राहू नये, राहिला तर ठेकेदाराचं बिल अडवा. दोन, ५ टक्क्यांतून बस स्टँड ते दवाखाना हा एक तरी फुटपाथ मोकळा आणि सलग करा. तीन, बँका आणि कार्यालयांना साधं पत्र द्या, की अंध व्यक्तीच्या मदतीचा कुत्रा दारात अडवू नये.

प्लास्टर निघायला अजून दोन आठवडे आहेत. पेटी खोळात आहे. काळू रोज सकाळी मास्तरांच्या चपलेशी येऊन बसतो आणि मास्तर त्याला सांगतात, "आज नाही रे."

तो चर आजही उघडा आहे. काल मोजला, कमरेएवढा खोल. फोटो सोबत जोडलाय. यावेळी कुत्र्याचा नाही, चराचा. याला बदाम नकोत, शेअर करा आणि नगरपरिषदेला टॅग करा.