पगार आणि भीड

परवा नाशिकहून भाचीचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. पण आवाजात आनंद नव्हता. "मामा, वर्षाला ३ लाख ६० हजार देतायत. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. काय करू?"

३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३० हजार, असा हिशेब आपण चटकन मांडतो. तिचे नेमणुकीचे पत्र वाचले, तेव्हा चित्र निराळे दिसले. त्यातले महिना ३ हजार वर्षअखेरच्या बोनसचे, तेही 'कामगिरी पाहून'. मूळ पगार १५ हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा. तोही या आकड्यातच धरलेला. ग्रॅच्युइटीचे ७२० रुपये. कायम नोकरीत ती मिळायची तर साधारणपणे पाच वर्षे काढावी लागतात. शिवाय निधीत तिचे स्वतःचे १,८००. हाती उरतात साडेबावीस हजार. त्यात पुण्यातली खोली, डबा आणि बसभाडे!

कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईत घासाघीस करणारे आपण, पगाराचा विषय निघाला की गप्प बसतो. पैशाचे बोलणे आपल्याला हावरटपणाचे वाटते. पण भीड भिकेची बहीण, हेही आपलेच वाडवडील सांगून गेले. पुढची पगारवाढ याच आकड्यावर टक्क्यांनी होते आणि पुढची कंपनीही बहुधा आधीचा पगार विचारते. आजचा संकोच असा वर्षानुवर्षे कापला जातो.

अर्थात, एकाच वेळी शेकडो मुले घेणाऱ्या कंपन्या नवख्यासाठी आकडा सहसा बदलत नाहीत. तिथेही विचारण्यासारखे पुष्कळ असते: बोनसपैकी निश्चित किती, पगाराचा फेरविचार कधी, बाँड आहे का? बाँडला नुसता कागद समजू नये. मुदतीआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सार्वजनिक बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली आहे.

मी भाचीला म्हटले, "आधी खर्च मांड. याच्या खाली जायचं नाही, असा आकडा स्वतःशी ठरव. मग एकदाच, नम्रपणे, लेखी विचार." तिने विचारले. आकडा वाढला नाही; पण वर्षाऐवजी सहा महिन्यांनी फेरविचार करू, असे कंपनीने लिहून दिले. ती रुजू होते आहे. पण मान खाली घालून नव्हे.

मात्र तिला विचारण्याचे बळ माझ्या सल्ल्याने आले नाही. आदल्या रात्री तिची आई म्हणाली होती, "नाही जमलं तर परत ये. चार-सहा महिने घर तुला जड नाही." नकार देण्याची सोय असेल, तरच माणूस ताठपणे विचारू शकतो. ही सोय प्रत्येक घरात नसते. जिथे त्या साडेबावीस हजारांची वाट पाहिली जाते, तिथल्या मुलाने ते घ्यावेत. त्यात कमीपणा कसला? पण जिथे चार महिने निभावण्यासारखे आहेत, तिथल्या आईबापांनी 'मिळतंय ते घे' म्हणण्याआधी थोडे थांबावे. मुलांच्या शिक्षणावर आपण लाखो रुपये खर्च करतो. मग शेवटच्या चार महिन्यांचा धीर का देऊ नये?