टीएमसीत आमचा वाटा किती?

हल्ली बाजारात एक शब्द फार चालतोय. शाश्वत. शाश्वत शेती, शाश्वत विकास, शाश्वत नदीखोरं. थंडगार हॉलात परिषदा भरतात, पडद्यावर नकाशे झळकतात. धरणांनी नि बोगद्यांनी बांधून काढलेलं कृष्णेचं खोरं टिकेल का, यावर शहाणी माणसं दोन दिवस बोलतात, जेवतात आणि गाडीत बसून निघून जातात. मी भीमाकाठचा, भूमिहीनाचा पोरगा. मला कुणी बोलावलेलं नाही. पण दोन सवाल माझेही आहेत. खोरं टिकवायचं ते कुणासाठी? आणि आजवर ते संपवलं कुणी?

आधी त्यांच्याच वहीतला हिशेब बघू. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा आंध्रात समुद्राला मिळते. 1960 च्या आधी ती वर्षाला सरासरी 57 अब्ज घनमीटर, म्हणजे दोन हजार टीएमसी पाणी समुद्रात नेत होती. 2001 ते 2004 च्या दुष्काळी वर्षांत जवळजवळ काहीच पोचलं नाही. मुखाशी नदी मेली. इंजिनियर याला म्हणतात, खोरं 'बंद' झालं. दुकान बंद व्हावं तसं. पण दुकानातला माल कुणाच्या घरी गेला, हे विचारायचं नाही!

बच्छावत लवादानं 1973 च्या अहवालात खोऱ्यातलं पाणी 2060 टीएमसी धरलं. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. हा आकडा 75 टक्के विश्वासार्हतेचा. म्हणजे शंभर वर्षांतली 75 वर्षं एवढं पाणी मिळेल, उरलेल्या 25 वर्षांत नाही. म्हणजे चारातलं एक वर्ष तुटीचं, हे कागदावरच लिहून ठेवलंय. धरणं मात्र अशी बांधली, कारखाने असे काढले, जणू दरवर्षी भरपूर पडणार. पुढं 2010 साली दुसऱ्या लवादानं विश्वासार्हता 65 टक्क्यांवर आणली आणि वाटायला आणखी पाणी काढलं. ढगातून थेंब वाढला नाही. मोजपट्टी बदलली!

आता माझ्या भीमेकडं या. 1980 साली उजनी पुरं झालं. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला मृतसाठा 63 च्या वर. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी कालव्याच्या तोंडाखाली. पण मृतसाठ्यालाही मोटारी लागतात. 2016 आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेलं, खोल गेलं. वरून पुण्याची घाण मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. ते हिरवं पाणी खालची गावं पितात. ह्याला म्हणायचं विकसित खोरं.

आमच्या वस्तीला लागून कालव्याची चारी जाते. आवर्तन सुटलं की रात्रभर पाण्याचा आवाज येतो. लहानपणी आईला विचारलं होतं, हे पाणी आपलं का नाही? ती म्हणाली, "आपल्याला जमीन हाय का? जमीनवाल्याचं पानी हाय ते." आमच्या अडाणी आईनं अख्खा पाटबंधारे कायदा एका वाक्यात सांगितला. लाभक्षेत्र जमिनीचं असतं, माणसांचं नसतं. पाणीवापर संस्थेचा सभासद जमीनधारक. ज्याला गावानं पिढ्यान् पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याला पाणीही नाही. जातीनं जमीन नाकारली, जमिनीनं पाणी नाकारलं. आता पाणवठ्यावर कुणी काठी घेऊन उभं राहायची गरज नाही. सात-बारा पुरतो.

तुम्ही म्हणाल, हा न्यायाचा प्रश्न झाला, खोरं टिकण्याशी त्याचा काय संबंध? दोस्तहो, सगळा संबंध इथंच आहे. पाण्याचा हक्क माणशी असता तर त्याला मर्यादा आली असती. डोकी मोजता येतात. हक्क जमिनीला चिकटवला, आणि जमीन ज्याच्या हाती त्याच्या हावेला 'पुरे' म्हणणारा कुणी उरला नाही. ऊस आला. उसासाठी कारखाना, कारखान्याच्या पोटासाठी आणखी ऊस, त्या उसासाठी आणखी एक बोगदा, आणखी एक उपसा योजना. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीतला लहानसा तुकडा उसाचा, पण सिंचनाच्या पाण्यातला अर्ध्याहून मोठा घोट त्याचाच. कारखान्याचा चेअरमन तोच, आमदार तोच, पाण्याचं आवर्तन ठरवणाऱ्या बैठकीत पुढच्या खुर्चीवर तोच. खोरं उताराला लागलं ते ह्यामुळं. पाऊस बिचारा निमित्त.

आणि तो ऊस तोडायला कोण? आम्हीच. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, त्या गावाची माणसं कोयता घेऊन पाणीवाल्याच्या फडात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तो जिल्हा तर साखरेचा! टँकर, रेल्वे, सगळं चालेल. पण फडाला हात लावायचा नाही.

दुसरी गंमत बघा. कृष्णा खोऱ्यातलंच पाणी उलटं पश्चिमेला वळवून त्यावर वीज काढतात. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी, टाटांच्या धरणांचं चाळीसच्या वर. बच्छावत लवादानंच ते मान्य केलेलं. सह्याद्रीच्या पावसाचं पाणी टर्बाइन फिरवून कोकणातल्या नद्यांतून समुद्रात जातं, आणि पूर्वेचा माण, सांगोला, आटपाडी कोरडा. वीज सूर्यापासून होते, वाऱ्यापासून होते. पाणी मात्र कशापासून होत नाही.

कुणी म्हणेल, हे पोरगं धरणविरोधी. खोटं! आमच्या बापानं धरणं नाकारली नाहीत. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, तेव्हा पाटबंधारे नि वीज त्यांच्या खात्यात होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या काळात आकाराला आली. अख्खं खोरं एकत्र धरून विचार करा, हे ते तेव्हा सांगत होते. पण तोच माणूस 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यात उतरला होता. ते तळं नगरपालिकेनं 1924 मध्येच कागदावर सगळ्यांना खुलं केलं होतं! काठावर मात्र बंदच. आज 'समन्यायी वाटप' हा शब्द तसाच आहे. 2005 च्या कायद्यात छापलाय. आमच्या चारीपर्यंत अजून आलेला नाही.

आणि हे होत नाही असं नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं 1970 च्या दशकात पाणी माणशी वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं, घराला अडीच एकरांवर नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, तिथंही भूमिहीनांच्या पाण्याचा हक्क मांडला. माणदेशात त्याच मागणीवर माणसं वर्षानुवर्षं लढली. म्हणजे हिशेब जमतो. जमवायची इच्छा नाही, एवढंच.

तर परिषदवाल्यांनो, खोरं टिकेल की नाही हे तपासायची आमची कसोटी लिहून घ्या. धरण किती भरलं ते नंतर. आधी सांगा, तुटीच्या वर्षात शेवटच्या वस्तीतल्या भूमिहीन बाईच्या नावावर किती पाणी आहे? तिचा माणशी वाटा आधी काढा. मग नदीचा वाटा, तिच्या मुखापर्यंत. मग ज्वारी, तूर, चारा. ऊस उरल्यासुरल्यावर. पश्चिमेला जाणारं पाणी टप्प्याटप्प्यानं पूर्वेला वळवा. शहरानं आपली घाण धुऊनच नदीत पाणी सोडावं.

हे करणार नसाल तर तुमचा 'शाश्वत' शब्द परत न्या. शाश्वत एकच गोष्ट दिसते आम्हाला, तुमची मालकी. आणि भावांनो, पुढचं आवर्तन सुटेल तेव्हा चारीच्या काठावर घागरी घेऊन आपण उभे असू. भीक मागायला नव्हे, वाटा मोजून घ्यायला.

जय भीम!