चित्र एका वाटेनं, आवाज दुसऱ्या

या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बाडहूव्हडॉर्पला आले. सामानात मेतकूट, भाजणी, लोणचं हे नेहमीचं होतंच, पण हातातल्या पिशवीत पंचात गुंडाळलेली एक व्हीएचएस कॅसेट होती. माझ्या मुंजीची, १९८९ सालची. "सांगलीत आता कुणाकडे व्हीसीआर उरला नाही. तू बघ काही जमतंय का," एवढंच म्हणाले. या कॅसेटमध्ये माझी आजी, म्हणजे बाबांची आई, आहे. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण चालती-बोलती आजी फक्त इथेच. १९९१ साली ती गेली.

मी पडलो इंजिनिअर, तोही डेल्फ्टला शिकलेला. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. लागले तीन शनिवार! आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या झोल्डरवर अशी एखादी कॅसेट पडलेली असणार, म्हणून या वेळच्या सदरात त्या तीन शनिवारांचा हिशोब.

पहिला शनिवार. क्रिंगलूपमधून पंधरा युरोला व्हीसीआर आणला. त्याच्या पाठीला फक्त स्कार्टचं सॉकेट. युरोपात वर्षानुवर्षं घराघरात असलेला हा एकवीस पिनांचा जाडजूड प्लग नव्या टीव्हींवरून जवळपास गेलाच आहे. म्हणून त्याला पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचा अ‍ॅडॅप्टर लावला आणि वायरी २००८ साली घेतलेल्या रिसीव्हरला जोडल्या. ना चित्र, ना आवाज. रात्री अकराला सौ.ने विचारलं, "या अ‍ॅडॅप्टरवर हे छोटं बटण कसलं?" स्कार्टमध्ये १९ नंबरच्या पिनेतून चित्र बाहेर येतं आणि २० नंबरच्या पिनेतून आत जातं. त्या बटणानं ठरतं की वाहतूक कुठल्या दिशेची. आमचं उलट्या दिशेला होतं. (सौ. बँकेत आहे, इंजिनिअर नाही, हे इथे मुद्दाम लिहायला सांगितलंय.)

दुसरा शनिवार. आता आवाज आला, चित्र नाही. मंगलाष्टकं ऐकू येतात, टीव्ही काळाठिक्कर. आणि मध्येच आजीचा आवाज. बाबा श्रवणयंत्र सारखं करत पुढे सरकले. "अरे, आई बोलतेय. दिसत का नाही?" याला काय उत्तर देणार?

उत्तर मिरज जंक्शनवर आहे. पूर्वी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ येत. गाड्या एकाच स्टेशनात, पण पंढरपूरहून आलेला नॅरोगेजचा डबा पुण्याच्या रुळावर चढत नसे. माणसांनी उतरून गाडी बदलायची. जुना रिसीव्हर म्हणजे असंच जंक्शन. पिवळ्या वायरीनं आलेलं चित्र तो फक्त पिवळ्याच सॉकेटातून बाहेर सोडतो, एचडीएमआयमधून आलेलं एचडीएमआयमधूनच. माझ्या रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत एकच केबल होती, एचडीएमआयची. आवाजाला अशी अडचण नाही, कारण तो स्पीकरला द्यायचा असल्यामुळे रिसीव्हरमध्येच उतरतो. काही महाग रिसीव्हर चित्राचं मापही बदलून देत, पण माझा त्यातला नव्हे.

एचडीएमआय डिसेंबर २००२ मध्ये आलं. ते काढणाऱ्या सात कंपन्यांत आपल्या आइंडहोव्हनला जन्मलेली फिलिप्सही होती. म्हणजे पिवळ्या वायरीला घराबाहेर काढण्यात हॉलंडचाही हात आहे!

तेव्हा जोडणी अशी केली. व्हीसीआरचं पिवळं रिसीव्हरच्या 'ऑक्स' मध्ये. रिसीव्हरच्या 'मॉनिटर आऊट'मधून पिवळं एका छोट्या कन्व्हर्टर डबीत, आणि डबीतून एचडीएमआयनं टीव्हीत. डबीचं बटण ५० हर्ट्झवर ठेवा. भारतातली आणि इथली कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची. ६० वर ठेवली तर हलणारी माणसं अडखळतात. तुमच्या न्यू जर्सीच्या मावशीनं पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी, ५२५ रेषांची. ती लावायची तर व्हीसीआरवर 'एनटीएससी प्लेबॅक' लिहिलेलं आहे ना, हे विकत घेतानाच पाहून घ्या.

आणखी एक, फार उपयोगाचं. रिसीव्हरच्या मागे 'व्हीसीआर आऊट' असतं. निवडलेल्या साधनाचं चित्र आणि आवाज तिथून जसेच्या तसे बाहेर मिळतात. तिथे यूएसबीची कॅप्चर डबी लावून लॅपटॉपला जोडली की टीव्हीवर बघता बघता रेकॉर्डिंग होतं. फक्त व्हीसीआर 'ऑक्स'मध्येच हवा, 'व्हीसीआर इन'मध्ये नको. तिथे लावला तर बहुतेक रिसीव्हर ते 'आऊट' बंद ठेवतात, नाहीतर रेकॉर्डरचं चित्र फिरून त्याच्याच पोटात जाईल. तीस-पस्तीस वर्षांची टेप पुन्हा किती वेळा चालेल याचा भरवसा नाही, म्हणून आधी रेकॉर्डिंगची तयारी, मग 'प्ले'.

तिसरा शनिवार. चित्र आलं, आजी दिसली, आणि बाबा गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "काय बोलतेय ते कळत नाही रे." मला तर सगळं व्यवस्थित वाटत होतं. मग लक्षात आलं, बाबांना कमी ऐकू येतं. ते निम्मं ओठांवरून समजून घेतात. आणि आवाज ओठांच्या पुढे धावत होता. कन्व्हर्टर आणि टीव्ही दोघंही जुनं चित्र नव्या पडद्यासाठी घडवायला वेळ घेतात. रिसीव्हर आवाज मात्र लगेच सोडतो. एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद. अशी दोन-तीन मागे पडली की झालं.

गंमत अशी की उशिरा आलेला आवाज आपण बराच चालवून घेतो, आधी आलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हे आकडे आहेत : आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतं, मागे पडला तर १२५ पर्यंत खपतं. कारण उघड आहे. दूरच्या धोब्याचा हात आधी दिसतो, आपटल्याचा आवाज मागून येतो. उलटं निसर्गात होतच नाही.

यावर उपाय रिसीव्हरच्या मेनूत 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' नावानं असतो. आकडा मी ठरवला नाही. रिमोट बाबांच्या हातात दिला. त्यांनी आजीवर नजर ठेवून एकेक पायरी वाढवत नेली. ऐंशीला "अजून थोडं". शंभरला "अजून". एकशेवीसला थांबले. मी नंतर मंगलाष्टकांच्या शेवटच्या टाळ्यांवर एकेक चित्र पुढे नेऊन मोजलं, एकशेवीसच!

(नव्या साधनांना हा सगळा खटाटोप नको. त्यांचं चित्र जुन्या रिसीव्हरमधून फिरवलंत तर तो त्याला जेवढं झेपतं तेवढंच पुढे जाऊ देतो, आणि फोर-केचा टीव्ही घेऊन उपयोग नाही. नवी डबी सरळ टीव्हीत लावा आणि आवाज 'एआरसी'नं रिसीव्हरकडे परत आणा. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासूनची आहे. रिसीव्हर त्याआधीचा असेल, माझ्यासारखा, तर टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून आणा.)

आजी काय म्हणते? व्हिडिओवाला तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरतो तेव्हा पदर सारखा करत म्हणते, "मला कशाला काढतोयस, बटूला काढ." बाबा हसले. मग म्हणाले, "मागे घे जरा. परत लाव."

ऑक्टोबरात बाबा परत गेले. पंचात कॅसेट होती तशीच गुंडाळलेली, आणि खिशात एक पेनड्राइव्ह.